चार बैलांची जमनी

तांडा, उमरखेडपासून अडीच कोस
२० ऑगस्ट १९५८

विमे,

मेली का जिवंत आहे? सहा महिने झाले, तुही एक ओळ नाही. मास्तरीण झाली म्हणून माजली का? बाभुळगावच्या शाळेत चौथीपर्यंत तुह्या बाजूले बसून मीच तुले गणितं सांगतली, हे तुह्या पोरीयले सांगतं का नाही? नसशीनच सांगत. सांगजो.

आता माही खबर. लगन होऊन दीड साल झालं. नवरा डोंगरसिंग उंचपुरा आहे, दारू पेत नाही, हात उचलत नाही. तांड्यातल्या बाया म्हणतेत, जमने, तुह्यासारखं नशीब कोनाचं नाही. त्याले माह्याबिगर घडीभर करमत नाही. संध्याकाळी वावरातून आला का पहिले माहे हात धरून मनगटापासून खांद्यापर्यंत सारे चुडे मोजते. सकाळी जितके होते तितके पाह्यजे. एक कमी निघाला तं इचारते, कुठी फुटला? तिथी कोन होतं? मी पान्याले निघाली का माह्या मागं येते, अन् येता येता मातीतले माह्या पावलाचे ठसे आपल्या पायानं पुसत येते. मी म्हणलं, हे काय वो बाप्पा? तं म्हणते, तुह्या पावलावर दुसऱ्याचा पाय कायले पडू द्याचा? मी हसून हसून लोटपोट झाली.

आमच्या तीजेले तू याची, आठवते ना? पोरी टोपलीत गहू पेरतेत, नऊ दिवस गाणे म्हणतेत, नाचतेत. मीबी पाह्याले गेलती. घंटाभर झाला नाही तं हा आला अन् हात धरून घरी घेऊन गेला. म्हणे, जिथी नाच राह्यते तिथी पाह्यणारे बम राह्यतेत.

सासू मानीबाई मात्र मस्त बुढी आहे. चिलीम ओढते अन् पोरालेबी शिव्या देते. हे पत्र ती आपल्या कोथळीत लपवून बाजाराले नेईन अन् डब्यात टाकीन. तू पत्र तिच्याच नावानं धाडजो. सबन तांड्यात वाचता येणारी मी एकटीच, मंग मीच ‘बुढीचं पत्र’ वाचून दाखवतो.

तुही जमनी

---

बाभुळगाव
१० सप्टेंबर १९५८

जमने,

आधी मानीबाईंना नमस्कार, कारण पाकिटावर नाव त्यांचं आहे. आणि तुला काय? तुला एक चापट. गणितं तू सांगायचीस हे खरं, पण माझ्या डब्यातली भाकरी कोण खायचं, तेही मुलींना सांगू का?

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती पदर तोंडाला लावून हसत होती. म्हणाली, “पाह्य, नवरा असा असावा! तुह्या बाबानं तीस वर्षांत मले जेवली का म्हणून नाही विचारलं. त्या हिऱ्याले मात्र रोज विचारते.” हिऱ्या म्हणजे आमचा पांढरा बैल, तू त्याला पाहिलेलं नाहीस. बाबा आमच्याशी दिवसाला चार शब्द बोलतात, हिऱ्याशी चाळीस. परवा गावातल्या एकानं नुसतं ‘विकता का विठ्ठलराव’ म्हटलं, तर बाबा त्याच्याशी अजून बोलत नाहीत.

तुझे वडील देवीलालकाका बाजाराला आले होते. जमनी सुखात आहे म्हटल्यावर त्यांनी पागोटं सारखं केलं आणि उगाचच खाकरले. तुझ्या लग्नात नवऱ्याकडून जे चार बैल त्यांना मिळाले, त्यातला एक उन्हाळ्यात रोगानं गेला म्हणे. तुमच्यात नवरीच्या बापाला बैल मिळतात, हे मी आईला मुद्दाम ऐकवते. माझ्या हुंड्याच्या काळजीनं तिची झोप उडाली आहे, तेव्हा म्हटलं, एखादा तुमच्यातला गोरमाटी बंजारा जावई बघ.

तू नशीबवान आहेस ग. इथे माझ्या पावलांचे ठसे पुसायला कुणी येत नाही. मीच चिखलात चप्पल शोधत फिरते.

तुझी विमल

---

तांडा
१८ नोव्हेंबर १९५८

विमे,

तू हसली. मीच तसं लिव्हलं होतं, मंग तू हसली ह्यात तुहा काय कसूर? तुह्या आईलेबी सांगजो, का असा नवरा कोनाले नसावा.

आता हसू नको अन् हे पत्र आईले वाचून दाखवू नको.

दिवाळीले मी लगनातला फेटिया घागरा अन् कांचळी चोळी घातली. तुले ठाऊक आहे, आमच्या कपड्यायवर किती आरसे राह्यतेत. माह्या याडीनं, माह्या मायनं, दोन साल बसून एक एक लावला होता. एक मेंढीवाला पानी मागाले आला, मी लोटा देल्ला, तो पेला अन् गेला. बस. डोंगरसिंगनं दारातून पाह्यलं का त्या मान्साचं तोंड माह्या आरशायमदी दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सुरी घेऊन बसला अन् सारे आरसे उकरून काढले. दोनशेच्या वर असतीन. मले म्हणे, तुह्या अंगावर दुसऱ्याचं तोंड नको. ओरडला नाही, रागावला नाही. शेंगा सोलाव्या तसा शांत बसून काढत होता. तवाच मले पहिल्यांदा भेव वाटलं.

आता ऐक पुढचं. आमच्यात म्हणतेत, मानूस मेला का चांदी घरी राह्यते, कपडे जळतेत, गोंदण तेवढं जिवासंग जाते. म्हणून त्याले माह्या अंगावर आपलं नाव गोंदून पाह्यजे. एका जागी नाही. दोन्ही हातावर, गळ्यावर, पाठीवर, पोटऱ्यायवर, जिथी जिथी जागा आहे तिथी तिथी. म्हणे, मेल्यावरबी वरच्याले समजलं पाह्यजे का तू कोनाची. गोंदणारी बाई ठरवून आला आहे. ती म्हणे, पंधरा दिवस लागतीन, थंडी सरू द्या.

मी म्हणलं, अंग माहं आहे. तो म्हणे, चार बैल देल्ले, अंग माहं आहे. उठता बसता हेच. भाकर वाढली तं चार बैल, पानी देल्लं तं चार बैल.

बापूले सांगू नको. त्यायनं शबुद देल्ला आहे, ते मलेच समजावतीन. मी हे तुलेच लिहून राह्यली, कारण कोनाले तरी लिव्हल्याबिगर माहा जीव फुटून जाईन.

जमनी

---

मु. तांडा, पो. उमरखेड
२८ डिसेंबर १९५८

चि. सौ. कां. विमलताई यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि. मी येथे पतीच्या छायेत अत्यंत सुखात असून आपली खुशाली इच्छिते. पती हेच स्त्रीचे दैवत होय. त्यांचे नाव अंगावर असणे हे महद्भाग्य मी स्वखुशीने स्वीकारीत आहे. घरकामामुळे वेळ मिळत नाही, तरी यापुढे माझ्या सासूबाईंच्या नावे अथवा अन्य कोणत्याही नावे पत्र पाठवू नये.

आपली नम्र,
सौ. जमनाबाई डोंगरसिंग

---

बाभुळगाव
९ जानेवारी १९५९

श्री. डोंगरसिंगजी यांस,

तुमच्या सासऱ्यांच्या बैलांविषयी फार महत्त्वाचा मजकूर असल्याने हे पत्र थेट तुमच्या नावाने लिहिते. बाजारातल्या लिहिणाऱ्याकडे जाईपर्यंत उशीर होईल, तरी घरातच वाचून घ्यावे.

जमने, इथपर्यंत मोठ्यानं वाच. पुढचं मनात वाच, आणि तोंडानं बैलांचं काहीतरी बोलत राहा. शाळेत जशा थापा मारायचीस तशा मार.

ते पत्र तुझं नव्हे, हे मला दुसऱ्या ओळीला कळलं. सबंध पत्रात मला एक शिवी नाही! तू मला ‘आपली नम्र’ लिहिशील तेव्हा सूर्य उमरखेडकडून उगवेल. माझं आधीचं एखादं पत्र त्याच्या हाती लागलं असणार आणि बाजारातल्या कुणाकडून त्यानं हे लिहवून घेतलं असणार. मी ते पत्र हातात धरून शाळेच्या पायरीवर बसले आणि रडले. मुलींना सांगितलं, डोळ्यात कचरा गेला. एकदा मी तुझ्यावर हसले, त्याची लाज वाटते. पुन्हा हसेन ते तुझ्याबरोबर.

सांग, काय करू? तुझं ‘सांगू नको’ मोडून देवीलालकाकांशी बोलू? तू नको म्हटलंस तरी मी बोलणार आहे, पण काय बोलू ते तूच सांग. मानीबाईंवर भरवसा आहे ना?

आता परत मोठ्यानं वाच. तर डोंगरसिंगजी, तीन बैल खुशाल आहेत. तुमच्यासारखा जावई मिळाल्याचा सासऱ्यांना अभिमान आहे. कळावे.

विमल विठ्ठलराव

---

तांडा
१७ फेब्रुवारी १९५९

विमे गधडे,

घे, पहिलेच एक शिवी देऊन टाकली, म्हणजे ओळख पटन.

तुहं पत्र आलं तवा तो खाटेवर बसून होता अन् मी खाली. मले पत्र देल्लं अन् म्हणे, वाच, माह्या नावाचं आहे. मी वाचाले लागली. पुढं ‘मनात वाच’ आलं. मंग मी सांगत गेली का एका बैलाले खुरकुताचा रोग झाला, त्याले हळद लावली, मंग त्याचं शिंग दुखलं, मंग त्यानं वैरण सोडली. पान संपत नव्हतं अन् बैलाले नवा रोग सुचत नव्हता. शेवटी मी म्हणलं, बैलाले पडसं झालं. मानीबाई चिलीम ओढता ओढता अशी ठसकली का मले वाटलं मेली. डोंगरसिंग मात्र काळजीत पडला. म्हणे, माहे बैल नीट नाही ठेवत थो बुढा.

हे पत्र कसं निघून राह्यलं तेबी ऐक. पहिलं तुहं पत्र त्याले बुढीच्या कोथळीत सापडलं होतं. आता बुढी कोथळीत नाही ठेवत, पागोट्यात ठेवते. कोनाच्या? त्याच्याच! बाजाराचं जुनं पागोटं तो घालत नाही, ती ते चुंबळ म्हणून डोक्यावर टोपलीखाली घेऊन जाते. तुहं पत्रबी ती डाकघरातून तसंच आणीन, तिच्याच नावानं धाडजो.

आता कामाचं. बुढी मले म्हणे, “माह्यासाठी सहा बैल देल्ले होते, अन् मी त्यायची गिनती चाळीस साल ऐकली. माहा नवरा मेला तवा मी रडली, पण दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा मले कोनी बैल सांगतले नाही. पोरगा माहा आहे, पण ह्या बैलापाई तो येडा झाला.”

तिनं रस्ता सांगतला आहे. आमच्या नसाबात, म्हणजे नायकाच्या पंचायतीत, बाईनं ‘मले सोडवा’ म्हणलं तं कोनी ऐकत नाही. पण नवऱ्यानं उभं राहून ‘माहे बैल वापस द्या’ म्हणलं का त्यानं बाई सोडली. बोल पडला का उचलता येत नाही. मातर त्याच दिवशी सूर्य बुडाच्या आत सारे बैल त्याच्या खुट्याले बांधले पाह्यजे. एकबी कमी पडला तं बाई जन्मभर त्याची, अन् मंग कोनी त्या गोठीचं तोंड काढाचं नाही.

होळीले नसाब बसते. होळीच्या दुसऱ्या दिवशी गोंदणारी येऊन राह्यली. बुढी म्हणते, त्याच्या तोंडून बैल मी काढतो, ते माह्यावर सोड. तो बिनधास्त मागन, कारण पन्नास कोसावरून बैल कसे येतीन? पण बैल आधीच निघाले पाह्यजे. होळीच्या दिवशी दुपारपर्यंत नाल्यापलीकडं पोचले पाह्यजे.

बापूपाशी तीनच आहेत. चौथा कुठून? हे गणित मले सुटत नाही, विमे. तू सोडव. चौथीपर्यंत मी सांगतली, हे एक तू सांग.

जमनी

---

बाभुळगाव
१४ मार्च १९५९

जमने,

गणित सुटलं! पण सोडवताना घरात महाभारत झालं ते ऐक.

पहिल्यांदा देवीलालकाका. मी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “ताई, पोरगी देल्ली, शबुद देल्ला, आता तिचं नशीब.” मला इतका राग आला की मी तुझं नोव्हेंबरचं पत्र काढलं आणि त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचलं. मी आरशांपर्यंत आले आणि ते उठून गोठ्यात गेले. मी पाठीमागे गेले तर ते बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे. म्हणाले, “तिच्या याडीचे डोळे गेले ते आरसे लावता लावता.” एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाऊन पाहते तर त्यांनी माळ्यावरच्या जुन्या घुंगरमाळा काढून तेल लावायला घेतल्या होत्या. म्हणाले, “माहा आजा मीठ लादून पार समुद्रापासून बैल आणायचा. पन्नास कोस म्हणजे काय!” जमने, पन्नाशीचा माणूस, पण गडी पंचविशीतला झाला एकदम.

आता चौथा. आमच्या गोठ्याकडे पाहिलं आणि मला घाम फुटला. हिऱ्या! मी बाबांपुढे विषय काढला. बाबा ताटावरून उठले. दोन दिवस चहा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “माही भावकी नाही, माही जात नाही, माहा बैल कायले?” तर आई, जिला कुणी तीस वर्षांत जेवली का विचारलं नाही ती माझी आई, चुलीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, “बैल नेला नाही तं आजपासून भाकर त्या हिऱ्यालेच मागजा.” आणि खरंच चूल विझवली! बाबा संध्याकाळपर्यंत गोठ्यात बसले. मग बाहेर येऊन म्हणाले, “मी स्वतः संगं जाईन. दुसऱ्याच्या हाती हिऱ्या देणार नाही.”

तेव्हा दोघं म्हातारे आणि चार बैल परवा सकाळी निघतात. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, असं मजल दरमजल. काका म्हणतात, सात दिवसांत पोचतो, एक दिवस हाताशी राहील. माझ्या मुलींच्या परीक्षा आहेत, मला निघता येत नाही. वर्गात मी फळ्यावर काय लिहिते आहे तेही मला कळत नाही.

भिऊ नकोस असं लिहिणार होते, पण मीच भ्याले आहे.

तुझी विमल

---

लोहारा
२७ मार्च १९५९

विमे, भवाने, माह्या जिवाच्या,

विठ्ठलकाका तुले सारं सांगतीनच, पण ते फक्त बैलाचंच सांगतीन. म्हणून मी लिहितो. इथल्या दुकानदारापासून कागद अन् पेन्सिल मागून घेतली.

होळीच्या पहाटे आमची होळी पेटली, लेंगीचे गाणे सुरू झाले, डफ वाजले, सारा तांडा नाचून राह्यला. माहं ध्यान नाल्याकडं. बैल आदल्या दिवशीच याले पाह्यजे होते, अन् आले नव्हते. मी बुढीच्या कानात म्हणलं, आज राहू दे, बैल नाही आले. बुढी म्हणे, उद्या गोंदणारी येते, राहू दे तं कधी? अन् उठून सीधी नसाबात गेली.

काय रडली बाप्पा! गुलाबसिंग नायकापुढं छाती बडवून म्हणे, माह्या पोराले फसवलं, चार बैल देऊन अशी सून आणली, ना हाताले कामाची ना तोंडाले गोड. लोक हसाले लागले. कोनी तरी म्हणलं, डोंगर्‍या, बैल महाग पडले रे! त्याचं तोंड लाल झालं. मी त्याले इतकं लाल कधी पाह्यलं नव्हतं. तो उठला अन् म्हणे, महाग कायचे? सासऱ्यात दम असन तं आणून दे म्हणा माहे चार बैल, आज आत्ता!

 डफ थांबले. नायकानं इचारलं, डोंगरसिंग, तू बैल वापस मागतले? त्याले अजून समजलंच नव्हतं. तो हसून म्हणे, हो मागतले, कुठी आहेत? नायकानं जमिनीवर हात मारला. म्हणे, बोल पडला. सूर्य बुडेपर्यंत वाट पाहू.

विमे, तो दिवस कसा गेला ते मले सांगता येणार नाही. दुपार झाली, बैल नाही. ऊन कलतं झालं, बैल नाही. डोंगरसिंग माह्याकडं पाहून हळूच म्हणे, उद्या गळ्यापासून सुरू करू. मी नाल्याकडंच पाहून राह्यली.

अन् मंग घुंगरमाळ वाजली. आधी मले वाटलं, डोक्यातच वाजून राह्यली. मंग नाल्याच्या पलीकडं धूळ दिसली, अन् धुळीतून बापू! पुढं बापू, मांगं तीन बैल, अन् सर्वात मांगं विठ्ठलकाका, हिऱ्याले हाताशी धरून, नवऱ्या मुलाले मांडवात आणावं तसं. उशीर काहून झाला? तं हिऱ्या पुसदच्या घाटात बसला. दीड दिवस उठलाच नाही. काकानं आपल्या वाटच्या भाकरी त्याले चारल्या, तवा उठला. दोन दिवसाचे उपाशी होते काका.

आता डोंगरसिंगले समजलं. तो धावत गेला अन् गोठ्याच्या तोंडाशी आडवा झाला. पण होळी होती, विमे! होळीले आमच्या बायायच्या हाती काठ्या राह्यतेत, अन् त्या दिवशी बाईच्या काठीपुढं कोनी गडी बोलत नाही, नायकसुद्धा नाही. बुढीनं पहिली काठी उचलली. मंग साऱ्याच बाया आल्या, गाणे म्हणत, हसत, काठ्या वाजवत. कोनाची काठी त्याले लागली नाही, पण त्याले असं मांगं मांगं सरकवत नेलं का तो शेवटी उकिरड्यावर जाऊन बसला. लोक पोट धरून हसत होते. मीबी हसली, अन् हसता हसता रडली.

एक बैल बांधला. दोन बांधले. तीन बांधले. अन् चौथा बांधेना! विठ्ठलकाका दावं सोडाले तयारच नाही. हिऱ्याच्या गळ्यात हात टाकून ढसाढसा रडून राह्यले. बापूनं हात जोडले, नायकानं सांगतलं, काही उपेग नाही. सूर्य टेकडीले लागला होता, अर्धा गेला होता. मी ओरडली, काका, सोडा! तं काका म्हणे, कसा सोडू पोरी, हा माहा आहे.

मी जवळ गेली अन् म्हणलं, काका, डोंगरसिंगबी रोज हेच म्हणते.

काकानं माह्याकडं पाह्यलं. मंग हिऱ्याकडं पाह्यलं. त्याच्या कपाळावरून एकदा हात फिरवला अन् दावं माह्या हातात देल्लं. मीच बांधलं, विमे. माह्या हातानं गाठ मारली. नायकानं टेकडीकडं पाह्यलं, वरती नखाएवढा सूर्य होता. तो म्हणे, सुटली.

मंग काय नाच झाला! बापू नाचले. काका रडत रडत नाचले. बुढी काठी घेऊन अशी नाचली का तिची चिलीम कुठी उडाली सापडली नाही. मी बिनआरशाच्या फेटियात घुमून घुमून नाचली अन् कोनी हात धरून घरी नेलं नाही. निघतानी बुढीले म्हणलं, चाल संगं. ती म्हणे, पोरगा माहा आहे, त्याले मान्सात आणाले कोनी तरी पाह्यजे. डोंगरसिंग गोठ्यात बैलायपाशी उभा होता. म्हणे, माहं काय चुकलं? मी कधी मारलं का? मले त्याची कीव आली, खरं सांगतो. पण मांगं फिरावं असं वाटलं नाही. मी म्हणलं, बैलायले पानी पाज, लांबून आले आहेत.

दारव्ह्यापर्यंत मोटारीनं आलो, मंग पायी. आज लोहाऱ्याले पोचलो. इथून एक रस्ता यवतमाळ गावात जाते, तिथल्या दवाखान्यात दाईचं काम शिकाले बाया घेतेत असं मोटारीत एका बाईनं सांगतलं. दुसरा बाभुळगावले, तुह्याकडं. तिसरा बापूच्या तांड्याले. मी बापूच्या मांगं चालत होती, खाली पाहून, जशी लहानपणापासून चालतो. बापू थांबले. वळून म्हणे, जमनी, कुठी जाचं?

मले वाटलं, काकाले इचारून राह्यले. मी काकाकडं पाह्यलं. काका म्हणे, मले नाही, तुले इचारून राह्यले.

विमे, बावीस वर्षाची झाली मी. मले हे कोनी कधी इचारलं नव्हतं.  मी म्हणलं, थांबा, मले इचार करू द्या. अन् रस्त्याच्या कडेच्या निंबाखाली बसली.

घंटा होऊन गेला. बापू धोंड्यावर बसून बिडी ओढून राह्यले. काका दोनदा उठले अन् दोनदा बसले. मी पाय लांब करून बसली आहे अन् तुले लिहून राह्यली. अजून काही ठरलं नाही. ठरन तवा ठरन, बसू दे त्यायले.

जमनी